माउली तिसऱ्या मजल्यावर

ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना. पिंपळे गुरवमधल्या कॅथलिक वस्तीत या महिन्यात मरिया माउलीची मूर्ती रोज एका घरी मुक्कामाला असते. संध्याकाळी आजूबाजूची माणसं जमून माळ म्हणतात, चहा-चिवडा होतो आणि दुसऱ्या दिवशी मूर्ती पुढच्या घरी जाते. गेली पाच वर्षं ती उचलून नेण्याचं काम सुजितकडे होतं. चाकणच्या कंपनीतली पहिली शिफ्ट संपवून तो धापा टाकत यायचा. ढोलकी त्याची, गाण्याला पहिला आवाजही त्याचाच. पण माउली त्याच्या घरी एकदाही आली नव्हती. का, तर म्हणे ती बॅचलर रूम! मांडवात राबायला पुढे आणि पंगतीला मात्र नको, असला हा न्याय.

त्या रूममध्ये दोघं राहत होते, सात वर्षं एकमेकांचे होऊन राहत होते. हे कुणी विचारलं नाही आणि सुजितनेही सांगितलं नाही. दुसरा रोहिदास, जालन्याकडचा. लहानपणी फादरांच्या शेजारी उभं राहून मिस्सेत, म्हणजे चर्चच्या उपासनेत, घंटी वाजवणारा मुलगा. चार वर्षांपूर्वी एका प्रवचनात आपल्यासारख्यांबद्दल नको ते ऐकलं आणि तो मधूनच उठून बाहेर आला. त्यानंतर चर्चची पायरी चढला नाही.

महिन्यातून एकदा त्यांच्याच घरी पाच-सहा जण जमत. कुणी दिघीचा, कुणी मारुंजीत भाड्याने राहणारा, सगळे कॅथलिक आणि सगळे यांच्यासारखेच. शुभवर्तमान वाचत, एकमेकांसाठी प्रार्थना करत, मनसोक्त हसत. रोहिदास तेव्हा स्वयंपाकघरात असायचा. “प्रार्थना तुम्ही करा, चहाचं मी बघतो.”

सप्टेंबरात मारुंजीची स्नेहल सहज बोलून गेली, “दार लावून किती दिवस देवाशी बोलायचं रे?” सुजितला ते फार लागलं. तो उठला आणि दुसऱ्याच दिवशी लक्ष्मणरावांकडे गेला.

लक्ष्मणराव श्रीरामपूरकडचे, कंपनीतून रिटायर होऊन बारा वर्षं झालेली. माउलीच्या मुक्कामांची यादी त्यांच्या वहीत असे आणि ती वही बायकोच्या, शालनबाईंच्यासुद्धा हाती लागत नसे.

“यंदा माझ्याकडे ठेवा माउली,” सुजित म्हणाला.

म्हाताऱ्याने चष्मा चढवला. “बरं. घरधनी सुजित. आन् कुटुंब?”

आता जुन्या माणसांच्या तोंडी कुटुंब म्हणजे बायको. लक्ष्मणराव विचारत होते, लग्न-बिग्न जमलं काय. सुजितला हे चांगलं ठाऊक होतं. पण शब्द कानावर पडला, डोळ्यांपुढे एकच माणूस आला आणि तोंडून निघून गेलं, “रोहिदास.”

पेन थांबलं. ‘म्हणजे रूम पार्टनर हो,’ एवढं म्हटलं असतं की मिटलं असतं. सुजितची जीभ वळवळलीही. पण सात वर्षं हेच म्हणून म्हणून त्याला स्वतःचीच किळस आली होती.

“तुम्ही विचारलं तेच सांगितलं, काका,” तो म्हणाला.

लक्ष्मणरावांनी वही मिटली. “जा तू घरी.”

रोहिदासने हे ऐकलं आणि कपाळाला हात लावला. “अरे, स्नेहलने दार किलकिलं करायला सांगितलं होतं, तू भिंतच पाडलीस! आता तुझी ढोलकी गेली, माळ गेली. माझं सुटलं ते सुटलं, तुझं तरी राहू द्यायचं!” तो रागाने बोलत होता आणि डोळे पुसत होता. चर्च गेलं तर आपण निम्मे होऊ, हे सुजितला कळत होतं.

आठवड्याने व्हॉट्सअॅपवर यादी आली. सतरा तारीख, सुजित आणि रोहिदास. बाकी काही नाही. त्याखाली कुणी हात जोडले नाहीत, एरवी जोडतात.

सतराला दोघांनी घर घासूनपुसून लख्ख केलं. तीस माणसांचा चिवडा केला. घरच्यांनी दारातच वाट पाहायची, म्हणून मूर्ती आणायला सुजित गेला नव्हता. माळेची वेळ आठची, सव्वाआठ झाले. रोहिदास म्हणाला, “झाकून ठेवतो चिवडा.” तेवढ्यात जिन्यात धापा ऐकू आल्या. लिफ्ट बंद होती आणि गुडघ्यांनी बेजार लक्ष्मणराव स्वतः मूर्ती उराशी धरून तीन मजले चढून आले होते. मागे शालनबाई आणि मोजून नऊ माणसं.

“बाकीचे न्हाई आले,” लक्ष्मणराव म्हणाले. “मलाबी चार दिवस झोप न्हवती. समजलं आसं न्हाई म्हननार मी. पन माउलीनं कुठं जायचं ते ठरवनारा मी कोन? सरा, हात अवघडलाय.”

माळ सुरू झाली. रोहिदास सवयीने स्वयंपाकघराच्या दारात उभा. माळेची पाच रहस्यं, म्हणजे पाच टप्पे; त्यातली चार झाली. शेवटचं, दहा वेळा नमो मरिया म्हणायचं, ते घरच्यांनी चालवायचं आणि उत्तराची ओळ बाकीच्यांनी म्हणायची, असा रिवाज. सुजितने तोंड उघडलं, तर शालनबाईंनी आपली माळ थेट रोहिदासच्या हातात दिली. “तू म्हन, बाळा.”

रोहिदासने सुजितकडे पाहिलं. मग गुडघ्यांवर बसला. पहिल्या वेळी आवाजच फुटला नाही. दुसऱ्या वेळी अर्ध्यावर अडला, तेव्हा सगळे थांबले, कुणी पुढचा शब्द सुचवला नाही. तिसऱ्यापासून सूर सापडला. डोळे मिटलेले, गालांवरून पाणी, आणि आवाज लहानपणचा, खणखणीत.

दहा झाले. तो थांबला नाही. अकरा. बारा. त्याचं मण्यांकडे लक्षच नव्हतं. सुजितने त्याला कोपराने ढोसायला हात उचलला, तर शालनबाईंनी तो धरला.

“म्हनू दे त्याला,” त्या हळूच म्हणाल्या. “आमाला कुठं घाई हाय?”

तेराव्याला लक्ष्मणरावांनीच सगळ्यांच्या आधी उत्तराची ओळ उचलली.