झाकणाची भट्टी

आमच्याकडं ॲल्युमिनियमच्या भांड्याला जर्मन म्हणतात. हे जर्मन घराघरांत आलं आणि जळकोटात दादामियाँच्या कलईच्या भात्याला काम उरलं नाही. म्हणून त्यांचा मुलगा महेबूब पार मुलूख ओलांडून तेच जर्मन काढणाऱ्या कारखान्यात लागला. यंदा रजेवर आला, तर त्याला नमाजात वाकता येईना. ऐन तिशीतला माणूस खाटेवर बसून पढायचा.

रजा संपत आली तशी बायको कुलसुमबीनं गोष्ट काढली.

"झाकणाची भट्टी आली म्हणत होता ना? तिच्यावर काम मागून घ्या. उघडीवर न्हाय जायचं."

दादामियाँनी विचारलं, "ही काय भानगड?"

"अब्बा, वितळलेल्या खारात पांढरी पूड टाकायची, वीज सोडायची. तळाला धातू जमतो, वर धूर. तो धूरच हाडांत शिरतो, असं डॉक्टर आता म्हणतो. नव्या भट्टीला चारी अंगानं पत्र्याची दारं. पंखा धूर आतल्या आत वढून घेतो."

"मंजी भाईर धूरच न्हाय? मग काम चाललंय हे कळावं कसं?"

"मीबी तुमचाच पोरगा," महेबूब म्हणाला. "मलाबी न्हाय कळलं."

कलईगराच्या घरात वाढलेला तो. तापल्या भांड्यात नवसागर पडला, पांढरा धूर उठला की कलई धरली, एवढं त्याच्या नाकालाच ठाऊक. धूर दिसेना तेव्हा त्याला वाटलं, भट्टी मेली. त्यानं दार उघडलं. धूर दिसला, जीव भांड्यात पडला. मग रोजच उघडायचा. त्याचं बघून शेजारच्या भट्टीवरच्या नागप्पानं उघडलं, मग सगळ्या रांगेनं. इतकी दारं उघडी म्हटल्यावर पंख्याची ओढ कुठं टिकणार? साहेबानं वर कळवलं, कामगारांनाच झाकण नको आहे. दारं काढून शेडमागं टाकली. पंख्याची वीज वाचली, साहेब खूश.

तो धूर काय आहे हे साहेबाला ठाऊक होतं. दार उघडू नका, एवढंच त्यानं सांगितलं. का उघडू नका, हे सांगायला त्याची जीभ झिजत होती काय? बैलालाही लोक यापेक्षा जास्त बोलतात.

"मग आता झाकण न्हायच तिथं," कुलसुमबी म्हणाली.

"न्हाय."

"तरी जाणार?"

"हितं भात्यापुढं उकिडवं कोण बसंल? दारं अजून मोडीत न्हाय गेली. साहेबाकडं मागून बघतो."

"तुमी मागाल, साहेब डोळं वटारंल, तुमी गप बसाल."

"बसंन. काय करू?"

सोलापूरच्या एसटीत महेबूब बसला, तशी कुलसुमबीही बोचकं घेऊन चढली.

"तू कुठं?"

"कारखान्यात. दारं लागल्याबिगर तुमाला आत सोडत न्हाय. साहेबाला सांगा, बायको आडवी पडलीया."

"लोक हसतील."

"हसू द्या. त्यांची हाडं शाबूत हायत."

महेबूबनं तिला जागा करून दिली. नको म्हणायलाही दम लागतो.