पांढऱ्यातला निळा

सकाळचं पान लिहून होईपर्यंत मी तोंड उघडत नाही. बावीस वर्षांचा नेम आहे. देवाचं नाव, एक पान, शाईच्या पेनाने. पूर्वी जेवणाच्या टेबलाच्या कोपऱ्यावर बसून लिहायचे. एकीकडे यांचा चहा, दुसरीकडे यांचं वर्तमानपत्र, मधल्या वीतभर जागेत देव. सून घरात आली, तिने तीन दिवस हे पाहिलं आणि चौथ्या दिवशी म्हणाली, "आई, माझं टेबल सकाळी रिकामंच असतं. तुम्ही तिथे बसत जा."

ते टेबल तिच्या वडिलांच्या हातचं. आमचे व्याही सुतार खरे, पण सुतारापेक्षा रंगारी मोठे. त्या टेबलाला त्यांनी पांढऱ्या रंगाचे सात हात दिले होते, आणि प्रत्येक हात वाळला की पॉलिश पेपरने घासून मग पुढचा. बोट फिरवलं तर सायीवरून फिरल्यासारखं वाटे. ते टेबल झालं आणि वर्षाच्या आत त्यांच्या हाताला कंप सुटला. आता त्यांना ब्रश धरवत नाही. म्हणजे या टेबलाला काही झालं तर ते नीट करणारा हात उरलेला नाही.

आणि मंगळवारी सकाळी त्याच टेबलावर माझ्या हातून शाईची बाटली कलंडली.

मुलगा आणि सून कामावर गेलेले. सून साडेसहाला परत येते. माझ्या पानाच्या सहा ओळी राहिलेल्या, त्यामुळे तोंड बंद. मी जोरजोरात टाळ्या वाजवल्या. हे धावत आले.

"काय झालं? झुरळ? पाल?"

मी बोट दाखवलं.

"अरे बापरे," हे म्हणाले. "सूनबाईंचं टेबल."

मग यांच्या अंगात उत्साह संचारला. संकट दुसऱ्याचं असलं की यांना नेहमीच सुचतं. खणाच्या आतल्या बाजूला व्याह्यांनी स्वतःच्या अक्षरात एक चिठ्ठी चिकटवलेली आहे, ती यांनी मोठ्याने वाचली. "उन्हात ठेवू नये. गरम भांडे ठेवू नये. डाग पडल्यास आधी पुसावे, मग हात लावावा. बघ, आधी पुसावे!"

मी ओलं फडकं आणून पुसलं. लिंबाएवढा डाग बशीएवढा झाला. पुन्हा पुसलं, जरा जोर लावून. बशीचं ताट झालं.

"पुसून झालं. आता हात लावायचा," हे म्हणाले आणि माळ्यावरून थिनरची बाटली घेऊन आले. बूच निघालं, वास पसरला, फडकं बाटलीच्या तोंडाला लागलं.

"अहो, थांबा!"

हे थांबले. माझ्याकडे बघतच राहिले. "बोललीस?"

"बोलले."

"पान झालं?"

"नाही झालं. बूच लावा आधी."

मी व्याह्यांना फोन लावला.

"विहीणबाई? या वेळेला? तुमचं तर मौन असतं ना?"

"मोडलं. व्याहीबुवा, तुमच्या टेबलावर माझ्याकडून शाई सांडली."

आता काय ऐकावं लागतंय म्हणून मी डोळे मिटले.

"शाई कुठली?" त्यांनी विचारलं. ताप कधीपासून आहे असं डॉक्टर विचारतात ना, अगदी तसं.

"निळी."

"ते झालं हो. पाण्याने हलते का?"

"चांगलीच हलली. तुमच्या चिठ्ठीप्रमाणे आधी पुसली ना."

"पुसली? कशाने?"

"फडक्याने."

"अहो, आधी पुसावे म्हणजे मला पुसावे! विचारावे! आमच्याकडे विचारण्याला पुसणंच म्हणतात. पुसल्याशिवाय हात लावू नका, एवढंच लिहिलंय मी."

मागून हे ओरडले, "मग विचारावे असंच लिहायचं होतं!"

"चिठ्ठी लहान होती," व्याही म्हणाले. "आणि मागे कोण आहेत? त्यांच्या हातात काय आहे?"

यांनी थिनर पाठीमागे लपवलं. फोनवरून दिसत नाही हे यांच्या लक्षात यायला थोडा वेळ गेला.

मग त्यांनी मला दोन गोष्टी करून बघायला सांगितल्या. पहिली शाईची. टिपकागदावर शाईचा थेंब टाकायचा, त्याच्या मधोमध पाण्याचा थेंब सोडायचा आणि बघत बसायचं. मी बसले. पाणी पसरत गेलं तशी शाई उकलत गेली. मध्ये जांभळी कडी, तिच्याबाहेर निळी, अगदी टोकाला फिकट गुलाबी. बावीस वर्षं मी निळ्याने लिहितेय अशाच समजुतीत होते! मी आणखी एक थेंब टाकला. त्याची गरज नव्हती, पण राहवलं नाही.

दुसरी रंगाची. टेबलाच्या खालच्या अंगाला, जिथे कुणाची नजर जात नाही, तिथे स्पिरिटचा बोळा हलकेच टेकवायचा. टेकवला. कापसावर पांढरं आलं.

"म्हणजे रंग विरघळतोय. स्पिरिट बंद. थिनरचं तर नावच काढू नका."

"टूथपेस्ट?" यांनी विचारलं. "सगळे सांगतात."

"दातांना लावा. टेबलाची चकाकी खरवडून निघेल."

उपाय अगदी साधा निघाला. खडूची बारीक पूड पाण्यात कालवून दाट लेप करायचा, डागावर थापायचा आणि वाळेपर्यंत हात लावायचा नाही. "शाईला वर यायला वाट द्यायची," ते म्हणाले. "घासलं की ती खाली जाते."

लेप वाळेपर्यंत मी उरलेल्या सहा ओळी स्वयंपाकघरात ओट्याशी उभ्याने लिहिल्या. देवाने ते पान कसं मानून घेतलं ते तोच जाणे.

दुपारी लेपाला भेगा पडल्या. पोपडा उचलला तर त्याची खालची बाजू निळीशार. मी तो उजेडात धरून कितीतरी वेळ पाहत होते. शाई खरंच चढून वर आली होती, वातीतून तेल चढतं तशी. दुसरा लेप फिकट निघाला, तिसरा त्याहून फिकट. साडेपाचला टेबल जवळजवळ पांढरं झालं होतं. फक्त मधोमध, सकाळी मी जोर लावला होता तिथे, तळहाताएवढी निळसर झाक राहिली होती.

तासाभरात सून येणार. चौथा लेप वाळायला वेळ नव्हता. मी ओला बोळा घेतला आणि त्या झाकेवर गोल गोल फिरवत राहिले. ती हटेना.

तेवढ्यात व्याह्यांचाच फोन आला. "कुठवर आलंय?"

"थोडंसं निळं राहिलंय. जातच नाही."

"बोळ्यावर काय येतंय?"

मी बोळा उलटा केला. "पांढरं."

"निळं नाही?"

"नाही. पण टेबलावर तर निळंच दिसतंय."

"हात उचला विहीणबाई. आधी हात उचला."

मी हात उचलला.

"ती शाई नाही," ते हळूच म्हणाले. "तो मी आहे. सहाव्या हातात मी पांढऱ्यात जराशी नीळ घालतो. नुसता पांढरा दोन-चार वर्षांत पिवळा पडतो. खाली निळा असला की वरचा पांढरा दिसतो. आजवर कुणाला सांगितलेलं नाही."

म्हणजे शाई केव्हाच संपली होती आणि मी इतका वेळ त्यांचं काम पुसत बसले होते.

"वरचा हात गेला का हो?"

"विरळ झालाय. आता थांबलात तर राहील."

मी बोळा बशीत ठेवून दिला. हे कपाटातून टेबलक्लॉथ घेऊन आले. "आज एवढं झाकू. उद्या सांगू सावकाश."

"आणि तिने आजच उचलला तर?"

"कशाला उचलेल?"

मी तो घडी घालून परत ठेवला.

सून आली, खांद्यावरची पिशवी उतरवायच्या आत मी तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं. तिच्या तोंडाकडे मात्र बघवलं नाही. ती खाली बसली आणि टेबलावर बोट फिरवू लागली.

"इथे?"

"जरा अलीकडे."

"खड्डा लागत नाही." मग मान तिरपी करून तिने पृष्ठभागाला समांतर नजर लावली. "निळं आहे."

"ते माझं नाही गं. ते तुझ्या बाबांचं." मी सहाव्या हाताचं सांगितलं.

तिने बोट त्या निळ्यावर टेकवलं. मग म्हणाली, "लहानपणी मी विचारायचे, बाबा, तुमचा पांढरा वेगळा का दिसतो? तर म्हणायचे, बगळा उकळून घालतो. मी दोन वर्षं खरं मानलं होतं."

तिने फोन लावून स्पीकर चालू केला. "बाबा, किती घालता?"

"कशात किती?"

"नीळ. लपवू नका, बगळा उघडा पडलाय."

ते खोकले. "माप नाही त्याला. डबा ढवळताना दिसतं, आता पुरे म्हणून."

"मग ढवळीन मी आणि पुरे म्हणाल तुम्ही. रविवारी येते."

फोन कटला की काय म्हणून यांनी वाकून पाहिलं.

"जुने कपडे घालून ये," शेवटी आवाज आला. "टेबलही आण. उलटं करून, खाली गादी घालून. वरचा हात तुझ्याकडूनच देऊन घेतो. आणि तोवर त्या निळ्याला हात लावू नकोस."

"नाही लावत," ती म्हणाली.

बोट अजून तिथेच होतं.