अढीच्या दाराशी

राजेळी केळ्यांची अढी कधी उघडायची ते नाकाने ठरवायचं, ही गास गावातल्या त्या घरातली जुनी रीत. नाकही एकाच बाईचं. ते आधी सासूचं होतं, आणि मरण्यापूर्वी तिने अढीच्या खोलीची किल्ली थोरल्या सुनेच्या, रोझलीनच्या पदराला बांधली. भाताच्या पेंढ्यात घड रचून, कोपऱ्यात शेगडी ठेवून दार लावलं की ती बाई सकाळ-संध्याकाळ दाराच्या फटीला नाक लावायची. ती "उघडा" म्हणाली की मगच केळी सोलून माचावर उन्हात जायची. दार एक दिवस आधी उघडलं तर वाळलेली सुकेळी चामड्यासारखी चिवट होत, एक दिवस उशीर झाला तर माचावरच पाघळत. अढी बंद असेपर्यंत त्या बाईने मासळीला तोंड लावायचं नाही, सुक्या मासळीला तर नाहीच. नाक बाटतं म्हणत.

रोझलीनला मूलबाळ नव्हतं. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती. धाकटा दीर मार्सेल भला होता, पण घर त्याचं, पोरं त्याची, वाडीही आता त्याच्याच हातात. तिचं म्हणून त्या घरात काय होतं, तर ते दार. आणि मागच्या पावसाळ्यातल्या तापाने तिचं नाक नेलं.

ताप उतरला, अंगात बळ आलं, पण वास परत आला नाही. मोगरा नाही, रॉकेल नाही, पेटत्या चुलीचा धूरसुद्धा डोळ्यांनाच कळायचा. तिने हे कुणाला सांगितलं नाही. अढी लागली की ती दाराला नाक लावून उभी राहायची आणि तळहाताने भिंतीची ऊब बघायची. फटीशी गांधीलमाश्या किती घुटमळतात ते मोजायची, आत पेंढा दबल्याचा आवाज ऐकायची. तीन अढ्या अशा निघाल्या आणि सुकेळी चांगली झाली. पण नाकाचं काम बाकीच्या सगळ्या अंगाने करायचं म्हणजे जीव शिणून जायचा. ख्रिस्ती देवळाच्या पहिल्या घंटेला ती उठायची तीच दमलेली.

त्रेपन्न सालच्या जानेवारीत देवस्थळी आले. ते मुंबईच्या एका प्रयोगशाळेत रसायनाचं काम करीत. फळांचा वास कशाकशाचा बनलेला असतो ते शोधायचं, असं त्यांचं काम. आदल्या वर्षी त्यांनी अढीतली केळी काचेच्या हंडीखाली ठेवली होती, हातपंपाने त्यांच्यावरची हवा ओढून बर्फात पुरलेल्या नळीतून नेली होती. नळीत जे थेंब जमले ते बाटलीत भरून मुंबईला गेले.

"हवा न्यायला आला आणि हमाल दोन लागले," धाकटी जाऊ कॅथरिन तेव्हा म्हणाली होती. "परत येताना रिकामाच येईल बघ."

पण ते रिकामे आले नव्हते. त्या थेंबांतले वास एकेक वेगळे काढून त्यांनी सात इवल्या बाटल्या आणल्या होत्या. ओट्यावर बसून त्यांनी टिपकागदाच्या सात पट्ट्या त्यांत बुडवल्या, हलवून वाळवल्या.

"रोझलीनबाई, यांतला एक वास दार उघडायच्या दिवसाचा असणार. तो कुठला, हे यंत्राला कळत नाही. तुम्हालाच कळेल."

मार्सेल खांबाला टेकून उभा होता. कॅथरिन पदराला हात पुसत आली. रोझलीनने पट्ट्या एकामागून एक नाकाशी नेल्या. सातही पट्ट्या सारख्याच, नुसता कागद. तिने सासू करायची तसे डोळे मिटले, जरा वेळ घेतला आणि म्हणाली, "चौथी."

"चौथी?"

"चौथीच."

देवस्थळींनी वहीत काही लिहिलं नाही. त्यांनी मार्सेलला बर्फाची पेटी सावलीत ठेवायला सांगितलं. कॅथरिन चुलीकडे गेली, तसे ते हळूच म्हणाले, "बाई, चौथ्या बाटलीत नुसतं स्पिरिट होतं. ते उडून जातं, मागे काही राहत नाही. तपासायला अशी एक ठेवतो आम्ही."

रोझलीन हातातल्या पट्टीकडे बघत राहिली.

"कधीपासून?"

"पावसाळ्यापासून."

"मी घरात बोलणार नाही. पण वहीत वास ओळखणारी म्हणून तुमचं नाव आहे."

"खोडून टाका," ती म्हणाली. तिला रडू आलं नाही. फक्त बसावंसं वाटलं, आणि ती बसूनच होती.

दुपारी कॅथरिनने पानं वाढली. भात आणि बोंबलाचं कालवण. रोझलीनच्या पानात नेहमीप्रमाणे कालवणाऐवजी गूळ, कारण अढी लागून चार दिवस झाले होते. स्वतःच्या पानातही कॅथरिनने गूळच घेतला.

"आजही पोट दुखतं?" मार्सेलने विचारलं.

"बोंबील सोसत नाही मला हल्ली."

रोझलीनने कॅथरिनच्या पानातल्या गुळाकडे पाहिलं. नाताळात हिने बोंबील मिटक्या मारत खाल्ले होते. तेव्हा अढी नव्हती. त्याआधी, अढी होती तेव्हा, पोट दुखत होतं. त्याच्याही आधीच्या अढीला पोटच दुखत होतं.

मार्सेल हात धुवायला उठला, तसं तिने विचारलं, "कॅथरिन, मासळी कधी सोडलीस?"

कॅथरिन गूळ कुस्करत राहिली. "तुझ्या तापानंतरच्या पहिल्या अढीपासून. दूध करपून घरभर वास सुटला होता, आणि तू चुलीशेजारी बसून शांतपणे रोझरी म्हणत होतीस."

"बोलली का नाहीस?"

"काय बोलू? तू रोज दाराशी जाऊन उभी राहायचीस."

"पण अढ्या तर बरोबर निघाल्या."

"दोन निघाल्या, बाय. तुझ्याच अंदाजाने." कॅथरिनने आवाज खाली आणला. "तिसरीला तू म्हणालीस उद्या. मला वास त्याच दिवशी आला. मग तू झोपल्यावर पदराची किल्ली घेऊन मी शेगडीतले निखारे काढून टाकले. म्हटलं, तू सांगशील तोवर थांबू दे केळ्यांना."

रोझलीन पान तसंच ठेवून उठली आणि ओट्यावर सामान आवरणाऱ्या देवस्थळींना म्हणाली, "जरा थांबा. पट्ट्या पुन्हा भिजवा."

या वेळी वास कॅथरिनने घेतला. "मला नाही कळत कुठल्या दिवसाचा ते," ती कुरकुरली.

"दिवस मी सांगते. तू फक्त कसा आहे ते सांग."

"दुसरी... सासूबाईंची कपड्यांची पेटी उघडल्यासारखी. वर जरा लवंग."

"तो आत्ता खोलीत असेल तो, तिसऱ्या-चौथ्या दिवसाचा. पुढे."

"सहावी मधासारखी. पण मागून काहीतरी कच्चं येतं, देठ मोडल्यासारखं."

रोझलीनने डोळे मिटले. तो वास तिच्या नाकात नव्हता, पण कुठेतरी पूर्ण होता. "तीच," ती म्हणाली. "देठाचा वास जायच्या आत दार उघडायचं."

देवस्थळींनी लिहून घेतलं. "नाव कुणाचं घालू?"

"तिचं." रोझलीनने पदराची गाठ सोडून किल्ली कॅथरिनच्या हातात दिली.

"बाय, हे कशाला आता?"

"ठेव. मला उभं राहवत नाही."

ती आत आली, पानाशी बसली आणि कालवणाचं भांडं ओढून तिने दोन बोंबील वाढून घेतले. तिखट लागलं, मीठ लागलं. बोंबील लागला नाही. तरी तिने तो सावकाश संपवला, आणि मग दुसरा घेतला.