बुधवारचा सिनेमा

कामावरून आल्या आल्या त्यानं टीव्हीच्या पाठीला तळहात लावला. कोमट होती. घरात तर दिवसभर कोणी नव्हतं.

वजनकाटे दुरुस्त करण्यात त्याची हयात गेली होती. मापात पाप कुठं आहे ते शोधणं हाच धंदा, त्यामुळे माणसांवरही त्याचा चटकन विश्वास बसत नसे. बायको जाऊन चार महिने झाले होते, आणि गेले तीन बुधवार घरात काहीतरी हलत होतं. एकदा सोफ्यावरची उशी दबलेली, एकदा रिमोट भलत्याच जागी. दुसरी किल्ली फक्त मेहुणीकडे होती. दवाखान्याच्या धावपळीत त्यानंच ती दिली होती. कपाट उघडून त्यानं बायकोच्या वस्तू एकेक तपासल्या. सगळ्या जागच्या जागी होत्या. त्यामुळे तर संशय आणखीच बळावला. काही न्यायचं नाही, तर ही येते कशाला?

शेजारणीला आडून आडून विचारलं, तेव्हा ती म्हणाली की बुधवारी दुपारी आतून हसण्याचा आवाज येतो. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सख्खी बहीण गेली, आणि हिला तिच्याच घरात हसू सुचतं.

पुढच्या बुधवारी एक काटा अर्धा खोललेला तसाच टाकून तो दुपारीच परतला. किल्ली परत मागायची, बाकी एक अक्षर बोलायचं नाही, असं ठरवून.

मेहुणी सोफ्याच्या टोकाला बसली होती. पडद्यावर शाळेतली पोरं मुख्याध्यापकांची खुर्ची दोरीनं गच्चीवर चढवत होती. त्याला बघून तिनं झटकन आवाज बंद केला.

"हे बघायला येतेस?"

"दर बुधवारी आम्ही दोघी बघायचो, भाऊजी. तुम्ही कामावर गेलात की. हाच सिनेमा दहा-बारा वेळा झाला असेल. पोट दुखेस्तोवर हसायची ताई."

"ती? तिला लढायांचे सिनेमे आवडायचे. तीस वर्षं आम्ही तेच बघत आलो."

मेहुणीनं मान खाली घातली. मग चाचरत तिनं सांगितलं, की ताईला त्या तलवारी, ते रक्त बघवत नसे. राजा घोड्यावर बसला की ती मनातल्या मनात आठवड्याच्या भाज्या ठरवायला घ्यायची. पण नवऱ्याला एवढी हौस, त्याचा विरस कशाला करा, म्हणून तीन-तीन तास बसायची.

"मी मेले तरी त्यांना सांगू नकोस, म्हणाली होती."

तो स्टुलावर टेकला. लग्नानंतरचा पहिला सिनेमा त्याला आठवला. मुंडकी उडायला लागल्यावर त्यानं डोळे मिटून घेतले होते. बाहेर आल्यावर ती म्हणाली, छान होता. त्यानंतर त्यानं दुसऱ्या कुठल्या प्रकारच्या सिनेमाची तिकिटं काढलीच नाहीत.

"मलाही नाही बघवायचं ते," तो म्हणाला.

"मग?"

"तिला आवडतं, असं वाटायचं."

मेहुणीनं तोंडावर हात ठेवला. हसू दाबायला की रडू, ते कळलं नाही. पडद्यावर खुर्ची कठड्याला अडकली होती आणि मुख्याध्यापक खालून मुकेच हातवारे करत होते.

"पहिल्यापासून लाव," तो म्हणाला. "ती कुठं कुठं हसायची, ते सांग."