ज्याला येतं त्याने मारायचं

आमच्या वडिलांना आम्ही घरीसुद्धा सर म्हणायचो. बाबा म्हणून हाक मारली तर ते वळून बघायचेच नाहीत, म्हणून लहानपणीच तो नाद सोडला. पुढच्या खोलीत त्यांचा फ्रेंचचा क्लास, मागच्या खोलीत सर, ताई आणि मी, आणि मधे एक पडदा. आई होती तोवर पडद्याला इस्त्री असायची.

सरांची शिकवण्याची पद्धत त्यांची स्वतःची होती. इंग्रजीतलं एखादं रोजच्या वापरातलं क्रियापद घ्यायचं आणि त्याचे जितके अर्थ होतात तितकी फ्रेंच क्रियापदं घोटून घ्यायची. त्यांचं लाडकं क्रियापद 'टेक'. इंग्रज लोक आळशी, एकाच शब्दावर दिवस काढतात, असं ते तुच्छतेने म्हणायचे. पेन घेतलं तर प्रांद्र. माणसाला सोबत नेलं तर आंमने, पण वस्तू नेली तर आंपोर्ते. टोपी काढली तर आंलव्हे. विमान उडालं तर देकोले. सहन केलं तर सुपोर्ते. परीक्षेला नुसतं बसलं तरी फ्रेंच लोक 'पासे' म्हणतात, आणि मी नेमकी तिथेही नापास व्हायची.

हे पाठ करून घेण्यासाठी आम्ही दोघी बहिणी रोज संध्याकाळी बॅचसमोर उभ्या राहायचो. ताई फळ्याच्या एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला, तोंडाला तोंड करून. सर इंग्रजी वाक्य टाकायचे. जिला येईल तिने उत्तर द्यायचं आणि जिला आलं नाही तिच्या कानाखाली वाजवायची. ज्याला येतं त्याने मारायचं, एवढाच नियम. तो बॅचमधल्या लोकांना लागू नव्हता. ती मोठी माणसं, परदेशी नोकरीच्या आशेने येणारी, त्यांना कोण हात लावणार? त्यांनी नुसतं बघायचं. पुढच्या बाकावरच्या नर्सबाई तर मला तोंडावर म्हणाल्या होत्या, "तुझ्या गालामुळे माझं छान पाठ होतं गं." मी हसले. काय करणार होते?

उत्तर नेहमी ताईलाच यायचं. देवाने डोकं वाटताना सगळं तिच्या पदरात टाकलं आणि मला नुसता संताप दिला. सुरुवातीला ती तळवा वाटीसारखा करून मारायची, म्हणजे आवाज मोठा आणि लागायचं कमी. ही युक्ती आम्ही स्वयंपाकघरात एकमेकींच्या गालावर करून करून बसवली होती. सरांनी ती पकडली. मग त्यांनी नवीन काढलं. चापट सौम्य वाटली की खुर्चीतूनच म्हणायचे, "हळू. पुन्हा." त्यांचं समाधान होईपर्यंत पुन्हा. मग ताईने युक्ती सोडली आणि एकदाच नीट मारायला लागली. नंतर मागच्या खोलीत माझ्या गालावर ओलं फडकं धरून बसायची आणि माझ्यापेक्षा तीच जास्त रडायची. माझ्या डाव्या कानात अजून मधूनच शिट्टी वाजते. तिला मी हे कधी सांगितलं नाही.

ताई तिशीला आली होती. सकाळची बॅच तीच चालवायची. मी दिवसभर एका चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. चाकावर काच धरून धरून माझे पंजे पुरुषासारखे झाले होते, आणि दुकानाचा मालक ओळखीच्यांना ते कौतुकाने दाखवायचा. पण घरी त्या पंजांना काही काम नव्हतं. इतक्या वर्षांत मारायची माझी पाळी कधी आलीच नाही.

मग ताईला दूरच्या शहरात एका प्रकाशकाकडे भाषांतराचं काम मिळालं. तिने तिथे खोली पाहिली. दोन खाटा मावतात, म्हणाली. खिडकीखाली तुझी, दारापाशी माझी. मला हसू आवरेना. मी दुकानात सांगून टाकलं, शेजारी सांगून टाकलं, फक्त सरांना सांगायचं राहिलं होतं.

"तूच सांग," मी ताईला म्हटलं.

"सांगते. पण तू मधे तोंड उघडू नकोस. तुझं तोंड उघडलं की आगीत तेल."

त्या संध्याकाळी बॅच भरलेली होती. नर्सबाई होत्या, हॉटेलच्या काउंटरवर बसणारा एक तरुण होता, टॅक्सीवाले काका होते, आणखी चारदोन जण. सरांनी आम्हाला उभं केलं, चष्मा सारखा केला आणि म्हणाले, "टेक. मला तो आवाज सहन होत नाही."

मला येत नव्हतं. ताईला अर्थातच येत होतं. तिने ओठ मिटून घेतले.

"बोल," सर म्हणाले.

"सर, येत्या शनिवारी आम्ही दोघी जातोय," ताई म्हणाली. "मला नोकरी मिळालीय. हिलाही नेतेय. आणि आजपासून मी हिला मारणार नाही."

टॅक्सीवाल्या काकांनी मान खाली घातली. सर ओरडले नाहीत. ते ओरडणाऱ्यांपैकी नव्हतेच. खुर्ची मागे सरकवून उठले, खडूचे हात रुमालाला पुसले आणि शांतपणे म्हणाले, "दोघींनाही आलं नाही, तर मग मला येतं."

त्यांनी ताईला मारलं. असं मारलं की ती फिरली आणि बाकाच्या कोपऱ्यावर आपटली. ओठ फाटला. ती उठायला गेली तर त्यांनी तिचे केस धरून तिला पुन्हा फळ्यासमोर ओढलं आणि दुसरी ठेवून दिली. "सुपोर्ते," ते म्हणाले. तिसऱ्यांदा मारलं. "सुपोर्ते. म्हण." ताई खाली बसली, दोन्ही हात कानांवर घेऊन. तिच्या हनुवटीवरून रक्त ओघळून फ्रॉकसारख्या जुन्या गाऊनवर पडत होतं. बॅचमधलं एकही माणूस उठलं नाही. मला त्या सगळ्यांची किळस आली.

"आता मी विचारते," मी म्हटलं.

सर थांबले. "काय?"

"प्रश्न. टेक. मुलगी बापाच्या वळणावर गेली आहे. 'टेक आफ्टर'. सांगा."

हे वाक्य मी कुठे ऐकलं होतं कुणास ठाऊक, दुकानात एखाद्या गिऱ्हाइकाच्या तोंडून असेल. त्याचं फ्रेंच मला ठाऊक नव्हतं. मला फक्त त्यांचा हात थांबवायचा होता.

आणि तो थांबला. सरांनी छताकडे पाहिलं. माणूस घरात किल्ल्या शोधताना करतो तसा चेहरा झाला त्यांचा. वय झालं होतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "सुईव्र."

"तनीर द," खालून ताई म्हणाली. सवयीनेच. तोंडात रक्त होतं, शब्द नीट उमटला नाही, पण सगळ्यांनी ऐकला.

सर वाटेल ते बोलू शकले असते. तिथे कुणाला कळणार होतं? पण एवढं मान्य करावं लागेल, माणूस खोटं बोलला नाही. त्यांनी चष्मा काढला, घडी करून टेबलावर ठेवला, ताईच्या समोर जाऊन वाकले आणि गाल पुढे केला.

"बरोबर आहे तुझं. मार."

"नको," ताई म्हणाली. "मला नाही मारायचं. आम्हाला जाऊ द्या."

"जायचं असेल तर जा. पण आधी मार. नियम म्हणजे नियम."

"सर, मी नाही मारणार."

"कुणीतरी मारायलाच हवं!" आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला.

"मी मारते," मी म्हटलं.

ते माझ्याकडे वळले. थोडा विचार करून त्यांनी मान डोलावली, जसं एखाद्या कच्च्या विद्यार्थ्याचं उत्तर पदरात घ्यावं तसं. आणि गाल माझ्याकडे केला. दाढीचे पांढरे खुंट, गालावर खडूचा डाग.

मी मारली.

"हळू," सर म्हणाले. "पुन्हा."

मग मी नीट मारली. त्यांची मान झटक्यात वळली आणि नाकातून रक्त आलं. "आता जमलं," ते म्हणाले. खरंच असं म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात कौतुक होतं. त्या कौतुकाने माझं डोकं फिरलं. इतकी वर्षं मी तिथे उभी राहून गाल सुजवून घेतला तेव्हा एका शब्दाने कधी कौतुक केलं नव्हतं. मी तिसरी मारली, ती त्यांनी मागितली नव्हती. चौथीला ते फळ्यावर गेले. मग मी मूठ वळली. ते खाली पडले तेव्हा त्यांच्या छातीवर बसले आणि मारत राहिले. प्रांद्र म्हणून मारलं, आंलव्हे म्हणून मारलं, जे कधी वेळेवर आठवलं नाही ते सगळं तेव्हा घडाघडा येत होतं. त्यांचा एक दात माझ्या बोटाच्या सांध्यात रुतला. ते हात वर करत नव्हते. मला थांबावंसं वाटत नव्हतं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं.

हॉटेलवाल्या तरुणाने आणि टॅक्सीवाल्या काकांनी मला काखेत धरून उचललं. "अगं, मरतील ते!" नर्सबाई ओरडल्या आणि सरांचं डोकं मांडीवर घेऊन त्यांचं नाक दाबून बसल्या. ते श्वास घेत होते. मेले नाहीत, नंतरही बरीच वर्षं मेले नाहीत.

मी पडदा बाजूला करून मागे गेले. ताई तिथे आलेली होती. तिने खाटेवर बॅग उघडून ठेवली होती आणि एका हाताने ओठाला फडकं दाबून दुसऱ्या हाताने कपडे टाकत होती. मला वाटलं, आता कशाला शनिवारची वाट बघायची, आत्ताच निघू. मला इतका आनंद झाला होता की सांगता येत नाही. आम्ही सुटलो होतो. तिच्या हनुवटीवर रक्ताचा ओघळ होता, तो पुसायला मी हात पुढे केला.

ताईने दोन्ही हातांनी कान झाकले.

मी हात मागे घेतला. तिलाही कळलं आपण काय केलं ते. तिने हात हळूहळू खाली घेतले, पण माझ्या हातावरची नजर काढली नाही. माझ्या बोटांना त्यांचं रक्त लागलेलं होतं.

"माझे कपडे कुठे आहेत?" मी विचारलं. "बॅगेत सगळे तुझेच दिसतात."

"काढून ठेवले."

"का?"

ती रडायला लागली. "सोने, मी बघितलं तुला. तू थांबत नव्हतीस. मी तीनदा हाक मारली, तू ऐकली पण नाहीस."

"त्यांना मारलं मी! तुझ्यासाठी मारलं! तुला कशाला मारीन?"

"सुरुवात माझ्यासाठी केलीस," ती म्हणाली. "मला माहीत आहे गं, तू चांगली आहेस. पण तिकडेही मला एक डोळा उघडा ठेवूनच झोपावं लागणार असेल, तर मी जाऊ कशाला?"

दोन खाटा, म्हणाली होती. खिडकीखाली माझी. माझ्या गालावर रोज वाजवणारी ही, आणि आता मला घाबरून चालली होती. मी तिच्या पाया पडायला हवं होतं. निदान रडायला तरी हवं होतं. मला रडू आलं नाही, राग आला, आणि माझा हात शिवशिवला. नुसता शिवशिवला, मी तो उचललासुद्धा नाही.

पण ताईचं लक्ष तिथेच होतं. तिने बॅगेची चेन लावली आणि माझ्याकडे पाठ न करता, भिंतीला धरून, दारापर्यंत गेली.