अर्धा घासलेला वाडगा

मी एक जुना तांब्याचा वाडगा आहे आणि मित्रांनो, सध्या कुलपात आहे. चोरी केलेली नाही मी. दोन पंथांचं एकमत होत नाही, म्हणून ही कैद.

तांबटानं मला ठोकून घडवलं तेव्हा पाणी गळू नये एवढीच त्याला काळजी होती. पुढे मी मंतरलेलं पाणी धरू लागलो. आमच्याकडे रेघवाले जमिनीवर खडूनं गोल काढतात, तोंडातून ब्र काढत नाहीत आणि विधीआधी भांडं राखेनं लख्ख घासतात. मागच्या विधीचा कण उरला तर नवा बिघडतो म्हणे. हुंकारवाले पाण्यावर तोंड धरून हुंकार भरतात आणि भांडं कधीच धूत नाहीत. प्रत्येक हुंकाराचा थर चढतो, तीच त्यांची पुंजी. बंद गोलात ते पाऊल ठेवत नाहीत, आवाज कोंडतो. मी हुंकारवाल्यांकडे काळाकुट्ट झालो, तसा माझा मान वाढला. मग मानच उरला. पाणी कोणी ओतेना.

अशात विणकरणीची लेक झोपली ती उठेचना. श्वास चालू, पण घास गिळेना. पोर सुकत चालली. तिची मावशी हुंकारवाली. ती मला घेऊन आली, ओट्यावर ठेवलं आणि पाणी आणायला विहिरीवर गेली. तेवढ्यात पोरीच्या रेघवाल्या काकानं मला पाहिलं. "शी! केवढी ही घाण!" म्हणत घासायलाच बसला. हेतू वाईट नव्हता. त्याच्या पंथात माया अशीच करतात.

मावशीनं दारातच बादली आदळली. "अहो भाऊजी, माझ्या आजीचा हुंकार होता त्यावर! खरवडून टाकलात!"

"आजी कुठली? मला तर काजळी दिसली."

"डोक्यात खडूची भुकटी भरल्यावर दिसणार काय!"

विणकरणीनं मला हिसकावलं. माझी एक बाजू लख्ख, दुसरी काळी. "भांडायचं तर अंगणात जा. पोर गेल्यावर कोण खरं ते घेऊन मी काय करू? अर्धा तुमचा, अर्धा हिचा. लागा कामाला."

काकानं गोल काढला, पण आवाजासाठी थोडी जागा उघडी सोडली. असं करणाऱ्याचा खडू त्यांच्यात मोडून टाकतात. मावशी मला पाण्यानं भरून गोलात उतरली; आजी असती तर तिनं हिला घराबाहेर काढलं असतं. हुंकारानं पाणी थरथरलं. विणकरीण ते थेंबाथेंबानं लेकीच्या ओठांना लावत राहिली. घसा हलला. पोरीनं गिळलं, डोळे उघडले आणि म्हणाली, "आई, भूक."

कशानं उठली? पाणी माझ्यातच होतं, तरी मला ठाऊक नाही.

पंथांना मात्र ठाऊक आहे! एक म्हणतो लख्ख बाजूचा गुण, दुसरा म्हणतो काळ्या बाजूचा. उरलेलं घासायचं की घासलेलं काळं करायचं, यावर सभा बसली आहे. तोवर मी कपाटात. एक कुलूप यांचं, एक त्यांचं.

मित्रांनो, घासून भांड्याची निगा होत नाही, पूजूनही होत नाही. वापरा त्याला. कपाटाच्या जाळीतून मला सभेचं दार दिसतं. कुंभाराचा मुलगा कालपासून उठलेला नाही. त्याची आई दाराशी उभी आहे. तिला कोणी आत या म्हणत नाही. आता तिनं दगड उचलला आहे आणि ती माझ्या कुलपांकडे बघते आहे.

तुमच्यापैकी कोणी तिथं असाल, तर तिला अडवू नका.