ताकातला बटाटा

तांब्याच्या बुडानं तानी उकडलेले बटाटे चेचत होती, आणि दर ठोक्याला परात वीतभर पुढं सरकत होती. परातीला भोक पाडतेस का, असं कमळाकर गल्ल्यावरून दोनदा म्हणाला. तिनं ऐकलं न ऐकलंसं केलं. बाहेरच्या बाकावर हॉलंडच्या म्हाताऱ्याची, यानची, बायको येऊन बसली होती. आज तिला सगळं सांगून मोकळं व्हायचं, मग ती थोबाडीत मारो की अंगावर थुंको, असं ठरवूनच तानी सकाळी वाडीवरून खाली उतरली होती.

कमळाकरची खानावळ वैशाखऱ्याला, माळशेज घाटाच्या अलीकडं. चैत्र लागला की हॉलंडची पाच-सात माणसं कल्याणपासून सायकली हाणत तिथं यायची, जेवायची आणि घाट चढायला लागायची. भर उन्हाळ्यात, आणि तेही हौसेनं! आपल्याकडं अशा माणसाला घरचे बांधून ठेवतील. त्यांना घेऊन यायचा तो आसनगावचा शेखर. त्याला इंग्रजी यायचं, म्हणून सगळा मान त्याचा.

यान त्यांच्यातला सगळ्यात म्हातारा, ताडमाड उंच. पहिल्या वर्षी रश्श्यावरचा तेलाचा तवंग बघून त्यानं ताट बाजूला सारलं आणि सरळ चुलीपाशी येऊन उकिडवा बसला. त्यांच्या मुलखात थंडीत बटाटा कोबीबरोबर शिजवून चेचतात, वर लोण्याचा गोळा आणि मांस. खाल्लं की माणूस जागचा हलत नाही. पण उन्हात सायकल मारायची तर लोणी नको, मांस नको. पाला कच्चाच चिरून घालायचा आणि बटाटा सैल करायला दुधाऐवजी ताक. पोट हलकं तर पाय हलके. हे सगळं त्यानं हातवारे करून आणि शेखरला मध्ये घालून सांगितलं. कोबीच्या जागी तानीनं चिंचेचा कोवळा पाला घातला, वर कच्च्या कैरीच्या फोडी. म्हातारा परात पुसून जेवला. मग दर चैत्रात त्याला तेच लागायचं, आणि ते तानीच्याच हातचं.

अठ्ठ्याण्णव सालच्या चैत्रात तो असाच जेवला, तानीला हात हलवून निघाला, आणि घाटात तिसऱ्या वळणावर सायकल कठड्याला लावून जो खाली बसला तो उठलाच नाही.

ऊन बाधलं, असं सगळे म्हणाले. पण तानीला माहीत होतं ते खाली खानावळीत कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याच्या दोनच दिवस आधी तिची पाच महिन्यांची पोर तापानं गेली होती. दात न आलेल्या पोराचं सुतक वाडीत तीन दिवस धरतात. तिसरा दिवस उजाडला होता, सरला नव्हता. सुतकातल्या हातचं परक्यानं खाऊ नये, हे तिला काय कळत नव्हतं? जैतू, तिचा नवरा, दारात आडवा उभा राहिला होता. पण घरात पाळणा टांगलेला होता, आणि त्या पाळण्यासमोर आणखी एक दिवस बसली असती तर ती वेडी झाली असती. दुधानं ठणकणारी छाती पदरानं करकचून बांधून ती खाली आली, आणि तिनं रांधलं, वाढलं. पोर कशी आहे म्हणून कमळाकरनं विचारलं, तर बरी आहे म्हणाली.

तीन वर्षं हे तिनं पोटात ठेवलं. पण कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं थोडंच राहतं! यानची बायको यंदा जीपमधून येणार, नवरा गेला ती जागा बघणार आणि तो खायचा तेच खाणार, असं शेखरनं कळवलं, तेव्हा आपलं उजाडलं हे तानीनं ओळखलं.

पदराला हात पुसत ती बाहेर आली. म्हातारी ठेंगणी होती, पांढऱ्या आखूड केसांची. तानी तिच्या पायांशी जमिनीवर बसली.

"शेखर, मी बोलते ते समदं सांग. गाळू नको काय."

"सांगतो. बोल ना, तानीबाय."

"तुमचा माणूस माज्या हातानं मेला. मी सुतकात होती. पोर गेलेली माजी. तिसरा दिस सरला नवता, तरी रांधलं. त्याला वाढलं. कोनाला बोलली नाय."

शेखरचं तोंड उतरलं. सुतकाला त्यांच्यात शब्द नसावा, कारण तो बराच वेळ हात हलवत बोलत राहिला, अडला, पुन्हा बोलला. त्यानं काही गाळलं नाही, एवढं तानीला दिसत होतं. गल्ल्यावरचा कमळाकर उठून दारात आला. म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं आणि मग हळूहळू, थांबत थांबत ती बोलली.

"तानीबाय, त्याच्या काळजाला आधीपासून दुखणं होतं," शेखर म्हणाला. "सायकल बंद कर, असं डॉक्टरनं निघायच्या आधीच सांगितलेलं. तो ऐकला नाय, आन हिनं अडवला नाय. पिशवी हिनंच भरून दिली. ती म्हणते, तुज्या हातांचा काय दोष नाय."

सुटलीस बघ, असं कमळाकर मोठ्यानं म्हणाला. उगाच जिवाला घोर लावून घेतला होतास. तानीनं मान हलवली. हलकं वाटायला हवं होतं, पण तसलं काही वाटेना. पोर गेली तेव्हा वाडीतल्या बाया म्हणाल्या होत्या, दूधपितं लेकरू ते, दुसरं होईल, किती रडशील? मग तिनं रडायचं दुसरं निमित्त धरलं होतं. तीन वर्षं डोळ्यांना पाणी आलं की, मी म्हाताऱ्याला मारलं म्हणून रडते, असं ती मनाशी म्हणायची. आता म्हातारा तिच्या हातून काढून घेतला होता. राहिली ती पोरच.

म्हातारीनं आणखी काहीतरी विचारलं.

"पोरीचं नाव काय होतं, विचारते."

गेलेल्या लेकराचं नाव वाडीत कुणी घेत नसे. जैतूसुद्धा नाही.

"हिरी," तानी म्हणाली.

"हीरी," म्हातारी म्हणाली.

तानी उठली. आत आली. ताक ओतून बटाटा सैल केला, चिंचेचा पाला चुरला, मिठाचा डबा उघडला, आणि तिचा हात डब्यातच थांबला. हिरी गेली त्याच आठवड्यात तिचं उष्टावण करायचं, तिला पहिला मऊ घास भरवायचा, असं ठरलं होतं.

तिनं पळसाचं एक पान घेतलं. पाला बाजूला सारून लिंबाएवढा बटाटा त्यावर काढला आणि बोटांनी मळायला लागली. किती वेळ ती तेच करत होती. म्हातारीचं ताट का येत नाही, म्हणून कमळाकर आत डोकावला.

"हे कोनाला गो? आन मीठ नाय घातलं?"

"तिला मीठ चालायचं नाय अजून," तानी म्हणाली, आणि राहिलेली एक गुठळी तिनं बोटानं फोडली.